अडतिसावी पेटी

१

आमच्या मुद्देमाल कक्षात दिव्यांना बटणं नाहीत. तळघरातली लांबलचक खोली, लोखंडी रॅकच्या सोळा ओळी आणि प्रत्येक ओळीच्या डोक्यावर एक दिवा. माणूस ओळीत शिरला की टक् आवाज करून दिवा लागतो, माणूस गेला की दोन मिनिटांनी आपला आपण विझतो. नवीन होते तेव्हा मला याची भीती वाटायची. आता अकरा वर्षं झाली. आता मी दिव्यांवर ओरडते, "अरे लाग की लवकर, चष्मा घरी राहिलाय माझा!"

रॅकवर पेट्या असतात. पुठ्ठ्याच्या, बुटांच्या खोक्याहून जरा मोठ्या. एखाद्या बाईवर बलात्कार झाला की दवाखान्यातली नर्स तिच्या अंगावरचे नमुने घेते, कपडे घेते आणि सगळं पेटीत घालून सील करते. पेटी आमच्याकडे येते. पुढे ती लॅबमध्ये जायची, डीएनए तपासायचा, माणूस शोधायचा. कागदावर असं होतं. प्रत्यक्षात लॅबला वेळ नाही, आमच्याकडे गाडी नाही, वर कोणाला घाई नाही, आणि बाराशे चाळीस पेट्या रॅकवर बसून होत्या.

मग नवा कायदा आला. कितीही जुनी पेटी असो, वर्षाच्या आत तपासणीला पाठवायची. एकही पेटी नष्ट करायची नाही. आणि कोणत्याही बाईनं 'माझी पेटी कुठे आहे' असं विचारलं की पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यायचं. ही तीन कलमं मला पोराच्या पाढ्यांपेक्षा पाठ होती.

त्या वर्षाइतक्या मजेत मी कधी काम केलं नाही. मी, माझ्या हाताखालचा लेबलभाऊ आणि आठवड्यातून दोनदा येणारी लॅबची गाडी. लेबलभाऊ हा दीडशे किलोचा माणूस, पण लेबल चिकटवताना हात असा हलका की नवरीला टिकली लावतोय. लॅबकडून 'जुळला' असा निरोप आला की तो टेबलावरची घंटा वाजवायचा. आधी महिन्यातून एकदा वाजायची, मग आठवड्यातून दोनदा. वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात येऊन विचारायची, "आज कितवी?" मोठे साहेब एरवी सुतकात असल्यासारखे असतात. घंटा ऐकून तेसुद्धा एकदा हसताना सापडले.

पेट्या सात-आठशेवर आल्या तेव्हा एका सकाळी मी कुलूप काढलं आणि पाहिलं, तर खोलीभर अंधार आणि सोळाव्या ओळीतला दिवा चालू. रात्री कोणी आलेलं नव्हतं. किल्ल्या दोनच, दोन्ही माझ्याकडे. मी आत शिरले तसे एकेक दिवे लागत गेले. सोळाव्या ओळीत कोणी नव्हतं. मी दोन मिनिटं बाहेर थांबून वाट पाहिली. बाकीचे दिवे विझले, तो विझला नाही.

२

"उंदीर," नवरा म्हणाला.

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. कोणतंही यंत्र बिघडलं की आधी त्याला आनंद होतो, मग काळजी.

"उंदीर असते तर पुठ्ठा कुरतडला असता."

"मग वारा."

"तळघरात?"

त्यानं वाटी बाजूला सारली. "हे बघ, तुमच्या त्या सेन्सरला नुसती हालचाल कळत नाही. त्याला हलणारी ऊब कळते. म्हणजे गरम काहीतरी, इकडून तिकडे फिरणारं. गरम पाण्याचा पाइप जात असेल वरून."

"पाइप फिरतो का रे?"

"अगं, मग सेन्सर बदलायला सांग. मला कशाला जेवू देत नाहीस?"

सासूबाईंना ऐकू कमी येतं, पण नको ते नेमकं येतं. "गरम काय फिरतंय?" त्यांनी विचारलं, आणि आम्ही तिघं उगाचच हसत सुटलो.

सेन्सर बदलला. दुसऱ्या दिवशी दिवा परत चालू होता. लेबलभाऊनं त्या ओळीचं बारसं केलं, 'रात्रपाळी'. "मॅडम, रात्रपाळीवाल्या बाई आल्यात, चहा विचारा," असं तो मला रोज म्हणायचा. मीही हसायचे. आम्ही सोळाव्या ओळीतल्या पेट्या लवकर काढल्या, आणि ती रिकामी झाली त्या आठवड्यात दिवा तिथला विझून पंधराव्या ओळीत लागला.

तेव्हापासून लेबलभाऊ पाठीमागच्या ओळींत एकटा जाईना. मला म्हणाला, "गुडघा दुखतो." मी म्हटलं, "दुखणारच." तेवढ्यात मागून पुठ्ठा लोखंडावर सरकल्याचा आवाज आला. पेटी आत सरकवताना होतो तसा, हळूच, पूर्ण. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता लेबलं मोजू लागलो.

३

बसवाली ताई दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी यायची. शहर बसची चालक. खाकी शर्ट, बाह्या दुमडलेल्या, आवाज असा की मागच्या सीटवरच्यालाही ऐकू जावा. तेरा वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या महिन्यात, पहाटेच्या पाळीला चालत जाताना तिच्यावर हल्ला झाला. अनोळखी माणूस. तोंड दिसलं नाही. त्या माणसाचं काही उरलं असेल तर ते तिच्या पेटीत.

अकरा वर्षं ती काउंटरशी उभी राहून एकच प्रश्न विचारत होती आणि मी एकच उत्तर देत होते. "आहे, ताई. नंबर लागेल."

"माझी बस पाच मिनिटं उशिरा आली तर लोक बोंब मारतात," ती म्हणायची. "तुमच्या बसला अकरा वर्षं लागली, तरी मी कशी शहाण्यासारखी उभी आहे बघा!" आणि स्वतःच खदाखदा हसायची.

त्या मंगळवारी ती आली ती कायद्याचा छापील कागद हातात फडकवतच. तिसऱ्या कलमाखाली लाल रेघ.

"ताई, आता लेखी अर्ज. पंधरा दिवस. पेटी कुठे आहे, कधी जाणार, सगळं लिहून पाहिजे." तिनं अर्ज सरकवला आणि काउंटरवर दोन्ही हातांनी ठेका धरला. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती. "शिक्का मारा की!"

मी शिक्का मारला. तो उलटा उमटला.

तिची पेटी नव्हती. ती मी जाळली होती.

कामावरचा माझा चौथा दिवस. तेव्हाचा नियम असा होता, की दोन वर्षं झाली आणि आरोपी सापडला नाही, तर बाईला पत्र पाठवायचं. तिची हरकत नसेल तर पेटी भट्टीत. आणि आमच्याकडची रीत अशी होती, की पत्ता बदलला म्हणून पत्र परत आलं, तर ते न उघडताच त्या पाकिटावर 'हरकत नाही' लिहायचं. सगळे तसंच करत. मला शिकवणाऱ्या बाईंनी एक पाकीट स्वतः लिहून दाखवलं आणि बाकीचा गठ्ठा माझ्या पुढ्यात ढकलला. अडतीस पाकिटं. मी अडतीस वेळा 'हरकत नाही' लिहिलं, सुवाच्य अक्षरात, आणि अडतीस पेट्यांच्या नाशपत्रावर सही केली. दोन महिन्यांनी बसवाली ताई नवा पत्ता द्यायला आली. भावाकडे राहायला गेली होती, म्हणून पत्र मिळालं नव्हतं. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "आहे, ताई. नंबर लागेल."

एकदा खोटं बोलले, मग दर महिन्याला बोलत गेले. मला लाज वाटत होती. अजूनही वाटते.

४

पंधरापैकी बारा दिवस मी काही केलं नाही. पेट्या जात राहिल्या, घंटा वाजत राहिली, दिवा पुढे सरकत राहिला. बारावी ओळ, नववी ओळ. जिथे पेट्या उरल्या असतील तिथे तो असायचा. एकदा मी सातव्या ओळीत उभी असताना शेजारच्या आठव्या ओळीतला दिवा टक् करून लागला. मध्ये रॅक होता, रॅकवर पेट्या होत्या. फटीतून पलीकडे बघता आलं असतं. मी बघितलं नाही. माझ्या गालाला ऊब लागली, चुलीजवळून जाताना लागते तेवढी. मनाशी म्हटलं, पाइप. मग म्हटलं, पाइप नाही हे नवऱ्यानं परवाच वर चढून बघितलंय.

तेराव्या दिवशी मी भट्टीवाल्या काकांकडे गेले. ते आता निवृत्त होऊन मुलीकडे राहतात, गॅलरीत कुंड्या लावतात. मला वाटत होतं, एखादी पेटी चुकून राहिली असेल. हातगाडीवरून पडली असेल, काकांनी कुठे बाजूला ठेवली असेल.

"छे," काका म्हणाले. "तुझी पहिली खेप ना? मला आठवते. तू दारात उभी होतीस रुमाल नाकाला लावून. अडतीस लिहिल्या होत्या, अडतीस टाकल्या. मी मोजल्याशिवाय झाकण लावत नसे."

"एखादी कमी असेल तर?"

"बाळ, त्यात चूक होत नाही." त्यांनी माझ्या हातात मिरचीचं एक रोप दिलं. "घेऊन जा. तुझं तोंड फार उतरलंय."

मी रोप मांडीवर घेऊन घरी आले. रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं, अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"सांगून टाक तिला," तो म्हणाला. "कागदावर नाही, तोंडानं सांग. मी येऊ का बरोबर?"

"तू कशाला?"

"बाहेर उभा राहीन. तिनं मारलं तर सोडवायला."

मी रडता रडता हसले. त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

५

चौदाव्या दिवशी शेवटची गाडी गेली. दुपारी तीनला लेबलभाऊनं शेवटचं लेबल चिकटवलं, बोटांनी दाबलं आणि तिथेच खुर्चीत बसून लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. बाराशे चाळीस! वर साहेबांनी केक मागवला होता. जिन्यावरून टाळ्या ऐकू येत होत्या.

"तू हो पुढे," मी म्हटलं. "मी एकदा बघून येते."

"मॅडम, नका जाऊ. रिकामंच आहे."

रिकामंच होतं. मी आत शिरले, एक, दोन, तीन, दिवे लागत गेले. मोकळे रॅक नुसते सांगाड्यांसारखे. माझ्या चपलांचा आवाज भिंतीवर आपटून परत येत होता. वर कोणीतरी गाणं लावलं होतं, त्याचा फक्त ठेका खाली पोचत होता. आणि शेवटी, सोळाव्या ओळीत, दिवा आधीपासून चालू होता.

मी स्वतःला समजावलं. तू थकली आहेस. उद्या तुला त्या बाईसमोर उभं राहायचंय, म्हणून डोकं खेळ करतंय. तरी पाय पुढे गेले.

खालच्या फळीवर एक पेटी होती.

मी बसले. नंबर वाचला. तो नंबर मला वाचावा लागत नाही, माझ्या फोन नंबरासारखा तो मला पाठ आहे. सील अभंग. नर्सची सही, तारीख, तेरा वर्षांपूर्वीची. मी तळवा ठेवला. पेटी गरम होती. नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यासारखी.

पेटी काठावर थोडी बाहेर आली होती, पडेल अशी. मी सावरायला हात पुढे केला, आणि त्याआधीच पलीकडच्या ओळीतून, रॅकच्या फटीतून, एक हात आला आणि त्यानं ती हळूच आत सरकवली. पुठ्ठा लोखंडावर सरकल्याचा तोच आवाज. बाईचा हात. मनगटापर्यंत काळा, काजळी लागल्यासारखा. करंगळीचं नख तेवढं स्वच्छ होतं. मग तो मागे गेला.

पलीकडे बघायला मी वाकले नाही. मी फळी धरून बसून राहिले. पंधराव्या ओळीतला दिवा टक् करून विझला. दोन मिनिटं न थांबता विझला.

आतून काहीतरी उसळून वर येत होतं. ते हसू होतं, हे मला जरा उशिरा कळलं. मी पेटी पोटाशी धरली आणि जिना एका दमात चढले. केक कापायला सुरी हातात घेतलेले साहेब माझ्याकडे बघतच राहिले.

६

नाशपत्र फाडलं असतं तर कोणाला कळलं नसतं. अर्धा तास ते माझ्या पर्समध्ये होतं. मग मी ते पेटीबरोबर जोडलं आणि खाली लिहिलं, 'ही पेटी नष्ट केल्याची सही माझी. पाकिटावरचं "हरकत नाही" हे अक्षर माझं. आज पेटी सोळाव्या ओळीत सापडली. कशी, ते मला माहीत नाही.'

साहेबांनी ते तीनदा वाचलं. "याचा अर्थ कळतो का तुम्हाला? तुमची चौकशी लागेल."

"लागू दे, साहेब. कायद्यात लिहिलंय, सापडली की पाठवायची. नोंद काय म्हणते ते नंतर."

लॅबच्या बाईंनी सील भिंगाखाली धरून तपासलं आणि फोनवर म्हणाल्या, "सील उघडलेलं नाही. तुमचा कागद चुकला असणार. पेटी काही खोटं बोलत नाही."

दुसऱ्या दिवशी बसवाली ताई आली. मी काउंटरच्या बाहेर जाऊन तिच्यासमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं, पाकिटापासून अकरा वर्षांच्या 'नंबर लागेल'पर्यंत. तिचा आवाज गेला. एवढी मोठ्या आवाजाची बाई, ओठ हलत होते आणि काही ऐकू येत नव्हतं. मग ती वळली आणि गेली. दाराबाहेर उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याला तिचा धक्का लागला, तेही तिला कळलं नाही.

तीन आठवडे मी घंटेकडे पाहत बसले. घरी नवरा विनोद करी, सासूबाई विचारत, "काय म्हणाला तो?" आणि मला हसू येत नसे.

चोविसाव्या दिवशी लेबलभाऊनं निरोप वाचला आणि घंटा वाजवायला उचलली. ती वाजली नाही, त्याच्या हातातून पडली. जुळला. त्या माणसाचा नमुना चार वर्षांपासून दुसऱ्या एका गुन्ह्यात नोंदलेला होता. त्याला जामीन मिळाला होता, आता मिळणार नव्हता.

बसवाली ताई संध्याकाळी गणवेशातच आली. तिनं बस आमच्या दारासमोर, जिथे थांबा नाही तिथे, उभी केली होती. आत प्रवासी बसलेले. ती काउंटरवरून आत आली, मला कवेत घेतलं, आणि मग माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर काळानिळा डाग होता.

"हा खोटं बोलल्याचा," ती म्हणाली. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तोंडभर हसू. "नाव आहे हो ताई त्याला! नाव आहे, पत्ता आहे. तेरा वर्षं बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येक पुरुषाचं तोंड बघत होते मी. उद्या नुसता रस्ता बघणार."

बाहेर कोणीतरी हॉर्न वाजवला. ती दारातून ओरडली, "पाच मिनिटं! कोणी मेलं नाही!" मग माझ्याकडे वळली.

"माझ्याबरोबर अजून किती पाकिटं होती?"

"सदतीस."

"त्यांना कोण सांगणार?"

"मी," मी म्हटलं. "उद्यापासून."

७

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार लावून घेतलं, यादी पुढ्यात ठेवली आणि पहिला नंबर फिरवला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. पलीकडे एका वयस्कर बाईनं फोन उचलला. मागे मुलांचा कल्ला, कोणीतरी टाळ्या पिटत होतं.

"मी मुद्देमाल कक्षातून बोलतेय," मी म्हटलं. "तुमच्या पेटीबद्दल बोलायचं होतं. बाई, माझ्या हातून फार मोठी..."

"अहो, कळलं की!" त्या मध्येच म्हणाल्या. आनंदानं त्यांचा श्वास पुरत नव्हता. "किती वेळा फोन करता? पहाटेच सांगितलंत ना, सापडली, खाली आहे, घेऊन जाते म्हणून. मी तर सगळ्यांना उठवलं! सून म्हणाली स्वप्न पडलं असेल. म्हटलं, स्वप्नात कोणी एवढं खोकतं का?"

मी हातातला कागद खाली ठेवला.

"बाई, तुमचा खोकला कसा आहे आता?" त्यांनी काळजीनं विचारलं. "घसा पार धुरानं भरल्यासारखा वाटत होता. गरम पाणी पीत जा."

"पिते," मी म्हटलं. "बरं आहे आता."

फोन ठेवून मी यादीची घडी केली. मग उठले. दाराशी नेहमीची छोटी ट्रॉली उभी होती. ती बाजूला सारून मी मोठी घेतली, लेबलभाऊला हाक मारली आणि खाली निघाले.